रद्दीत गेलेल्या वह्या

नांदेड

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, तू चित्रांच्या सगळ्या वह्या रद्दीत घातल्यास. चित्र पुरं झालं, आता वह्या कशाला, असं म्हणालास म्हणे. खरं आहे का हे? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

अरे, अजिंठ्याला तुला काय दाखवलं होतं? माती-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरूने आखलेली आकृती, तिच्यावर रंग. जिथे रंगाचे पोपडे गळाले, तिथे खालची गेरूची रेघ दिसते. दीड हजार वर्षांपूर्वीचा हात तिथेच उघडा सापडतो. चित्रकार ग्रिफिथ्स साहेबांबरोबर 1872 पासून जे.जे. कलाशाळेची तुझ्यासारखी पोरं त्या भिंतींच्या नकला करत होती. लंडनला पाठवलेल्या त्यातल्या कितीतरी 1885 साली तिथल्या आगीत गेल्या. ती आग होती. तू तर स्वतःच्या हाताने वह्या काट्यावर ठेवल्यास!

बोलतो आहे, कारण मीही हेच केलं. ताईच्या बैठकीतलं आईचं तैलचित्र आठव. किल्लारीच्या घरात, चुलीपुढे बसलेल्या आईची आधी कितीतरी रेखाटनं केली होती मी. चित्रात मात्र तिला सरळ बसवलं, पदर नीटनेटका केला, हातातली फुंकणी काढली, वाकडं बोट झाकलं. सगळ्यांनी वाखाणलं. 1992 च्या दिवाळीच्या झाडलोटीत ते कागद रद्दीत दिले. पुढच्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात माळवद खाली आलं. आई कशी गेली, तुला ठाऊक आहे. आज त्या चित्रात आई दिसते, पण चुलीपुढची आई त्या कागदांतच होती.

तुझं गंजगोलाईच्या बाजाराचं चित्र चांगलं आहे. पण पोत्यावर डोकं टेकून झोपलेला तो हमाल चित्रात कुठे आहे? तो वहीतच होता ना? म्हणून म्हणतो, आजच त्या रद्दीवाल्याकडे जा. गठ्ठे अजून दुकानात असतील.

नाही मिळाल्या तर जिवाला लावून घेऊ नकोस. मी जरा जास्तच बोललो. हमाल तुझ्या डोळ्यांत आहे, पुन्हा काढ. सुट्टीत ये, नगिना घाटावर गोदावरीकाठी दोघं बसून काढू. तुझ्यासाठी दोन कोऱ्या वह्या आणून ठेवल्या आहेत. भरल्या की टाकू नकोस, माझ्याकडे दे. मी जपेन.

तुझा,
मामा