कंपनीचा की लोकल?

आता इंडिका तुझ्या हाती आली आहे, तर एक ध्यानात ठेव. काउंटरवरचा पोरगा विचारेल, "कंपनीचा देऊ का लोकल?" उत्तर द्यायच्या आधी मनाशी विचार कर, की हा पार्ट भर रस्त्यात दगावला तर काय होईल? आरसा फुटला तर आरसाच गेला. टाय रॉड एन्ड निखळला तर चाक तुझं ऐकणार नाही. म्हणून ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्ट यांत घासाघीस नको. डिझेल इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग हेड उघडण्यावाचून गत्यंतर नाही. बेल्टबरोबर टेन्शनरही नवाच घाल.

पण म्हणून सगळं कंपनीच्याच डब्यातलं घ्यायला नको. गाडीचा कारखाना काय प्रत्येक पार्ट स्वतः बनवतो? बेअरिंग, क्लच, शॉकअप, फिल्टर बाहेरून येतात. आपल्या पुण्याजवळच्या भोसरी-चाकणला अशा कारखान्यांची रांग लागली आहे. तोच पुरवठादार स्वतःच्या नावाच्या डब्यातही माल विकतो, आणि बहुधा स्वस्त. काढलेल्या पार्टावर कुणाचं नाव आहे ते वाच, पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत त्याच नावाने माग. जुना पार्ट पिशवीत घालून ने, नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही.

मजुरीचा हिशेब लोक विसरतात. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. लोकल प्लेट लवकर झिजली तर तीच मजुरी पुन्हा. उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदल.

रबराचं गणित मात्र उलटं आहे. इंडिकाचं उत्पादन 2018 मध्ये थांबलं. कंपनीच्या डब्यातला बुश किंवा होज फडताळात वर्षानुवर्षं पडलेला असू शकतो, आणि रबर न वापरताही कडक होतं. पॅकिंगची तारीख बघ, बुशवर नख रोवून बघ. चिरा दिसल्या तर तो ओरिजिनल असला तरी परत कर आणि नावाजलेल्या पुरवठादाराचा ताजा माल घे.

बंपर, आरसे, मॅट खुशाल लोकल घे. दरवाजा बदलायची वेळ आली तर भंगारवाल्याकडचा, न गंजलेला जुना ओरिजिनल बघ. लोकल पत्र्याच्या फटी जुळवता जुळवता डेंटर मेटाकुटीला येतो. ब्रेकचा पार्ट आणि टायर मात्र जुना घेऊ नकोस, फुकट मिळाला तरी.

'ओरिजिनल' म्हणून छापील किमतीच्या निम्म्यात कुणी देत असेल तर तो डुप्लिकेट समज. बिल माग, बिल द्यायला का-कू केली तर दुकान बदल. मिस्त्रीने काढलेला पार्ट मागून घे, आणि नव्याचा नंबर, तारीख, किलोमीटर डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत लिहीत जा.