दंतोपचारात बोटॉक्स

सकाळी उठताच जबडा दुखणे, कानशिले ठणकणे, दातांची टोके झिजणे ही झोपेत दात खाण्याच्या सवयीची लक्षणे होत. भिलाईतील कोहका येथील रुंगटा दंतविज्ञान महाविद्यालयासारख्या संस्थांत अशा तक्रारींवर तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. त्यावरील एक उपाय म्हणजे बोटॉक्स.

जिवाणूपासून मिळणारे बोट्युलिनम विष अत्यल्प मात्रेत टोचले असता मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा आकुंचनाचा संदेश अडतो. अमेरिकेत या औषधास प्रथम मान्यता मिळाली ती १९८९ मध्ये, नेत्रविकारांसाठी. भुवयांमधील आठ्यांसाठी ती २००२ मध्ये मिळाली.

चर्वणाच्या स्नायूत ते दिल्यास जबड्यावरील ताण हलका होतो. हसताना हिरड्या फार दिसत असल्यास वरचा ओठ उचलणारे स्नायू शिथिल करता येतात.

परिणाम साधारणतः तीन ते चार महिने टिकतो. मात्र हा विसावा केवळ स्नायूचा असतो. झिजलेला दात त्याने भरून येत नाही, सवयीचे मूळही जात नाही. गर्भवती स्त्रिया व मायस्थेनियासारख्या स्नायुविकाराचे रुग्ण यांनी ते टाळावे. खर्चास हात घालण्यापूर्वी दुखणे दाताचे, सांध्याचे की स्नायूचे, याचे निदान करून घेणे हेच हिताचे.