फेंगशुई : आधी अडगळ काढा



'फेंग' म्हणजे वारा, 'शुई' म्हणजे पाणी. ही चिनी विद्या मुळात जागा निवडण्याची. पाठीशी डोंगर, पुढ्यात पाणी, दार दक्षिणेला. का? तर उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरा वारा येतो आणि दक्षिणेकडून ऊन मिळतं. आपल्याकडे गोव्यात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, ग्वाल्हेरीला उन्हाळ्यात लू पश्चिमेकडून. म्हणून दिशेचा नियम डोळे झाकून उचलू नका, त्यासाठी भिंती तर मुळीच फोडू नका.

घ्यायचं ते तत्त्व. 'ची' म्हणजे प्राणशक्ती दारातून आत येते आणि अडगळीपाशी अडते, असं ही विद्या मानते. 'ची' दिसत नाही, पण अडगळ दिसते ना? तिच्यावरून रोज चिडचिड होते आणि राग निघतो घरच्यांवर.

या आठवड्याचा अभ्यास :

१. उंबरठ्याजवळचा चपलांचा ढीग आणि दारामागचं सामान हलवा.
२. बंद घड्याळ, गळका नळ दुरुस्त करा.
३. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा.
४. पलंगावरून दार दिसावं, पण पाय थेट दाराकडे नसावेत.

आणि हो, कर्ज फिटावं, दुखणं जावं म्हणून तीन पायांचा बेडूक किंवा लाफिंग बुद्धा विकत आणू नका. कर्जाला हप्ता लागतो, दुखण्याला डॉक्टर. ते पैसे तिकडे लावा. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात आसन घाला आणि रोज दहा मिनिटं शांत बसा.