पोटातल्या बाळाचे ठोके चुकतात तेव्हा

(आरोग्य पाठ : भगिनी मंडळे व घरभेटीला जाणाऱ्या सेवकांसाठी)



या तिमाहीच्या पाठासाठी जो विषय घेतला आहे तो मंडळीच्या व्यासपीठावर क्वचितच येतो. पण पाड्यापाड्यांतून घरभेटी देणाऱ्यांच्या पुढे तो कधी ना कधी उभा राहतोच. घरातल्या सुनेला आठवा किंवा नववा महिना लागलेला असतो. उपकेंद्रातल्या सिस्टर तिच्या पोटावर यंत्र ठेवतात, ऐकतात, जागा बदलून पुन्हा ऐकतात आणि म्हणतात, “बाळाचे ठोके एकसारखे येत नाहीत. मोठ्या दवाखान्यात दाखवून या.” एवढ्या एका वाक्याने घर हादरते. सासूबाईंना मागच्या ग्रहणाची आठवण होते, शेजारीण नजर लागल्याचे सांगते, नवरा गाडीभाड्याचा हिशोब करू लागतो. आणि ती बाई गप्प बसून पोटावर हात ठेवते. बाळंतपणाला अजून चार-सहा आठवडे आहेत. ते तिने कसे काढायचे आणि आपण तिला काय मदत करायची, हाच या पाठाचा विषय आहे.

प्रथम हृदयाविषयी थोडे समजून घेऊ. पोटातल्या बाळाचे हृदय साधारण सहाव्या आठवड्यापासून धडधडू लागते. शेवटच्या महिन्यांत त्याची गती मिनिटाला 110 ते 160 असते, म्हणजे आपल्या नाडीच्या जवळजवळ दुप्पट. हे ठोके ऐकण्यासाठी लाकडाची किंवा धातूची छोटी तुतारीसारखी नळी वापरतात. पिनार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ती 1895 मध्ये तयार केली. आता बहुतेक ठिकाणी हातात मावणारे डॉपलर यंत्र असते आणि त्यातून आईलाही बाळाचे ठोके ऐकू येतात. ही चांगली सोय आहे. मात्र एखादा ठोका चुकला तर तोही आईच्या कानावर पडतो आणि मग तो मनातून जात नाही.

ठोका चुकतो म्हणजे काय होते? हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोका सुरू करणारी एक जागा असते. ती ठराविक अंतराने इशारा देते. गर्भात ही व्यवस्था अजून नवी असते, म्हणून कधी कधी शेजारचीच एखादी जागा घाई करून आधीच इशारा देते. असा अवेळी ठोका पडला की त्यानंतर हृदय क्षणभर थांबते आणि पुन्हा लयीत येते. ऐकणाऱ्याला वाटते, एक ठोका गळाला. शंभर गरोदर स्त्रियांपैकी एक-दोघींच्या बाळात अशी अनियमितता आढळते आणि त्यांतली बहुतेक याच जातीची असते. बाळाला तिचा त्रास होत नाही. पुष्कळदा ती जन्माआधीच थांबते, नाहीतर जन्मानंतर काही आठवड्यांत नाहीशी होते. औषध लागत नाही.

पण गोष्ट इथेच संपत नाही. नुसत्या कानाने ऐकून हा निरुपद्रवी प्रकार आणि गंभीर प्रकार यांतला फरक ठामपणे सांगता येत नाही. अवेळी ठोके असलेल्या शंभर बाळांपैकी दोन-तिघांत पुढे हृदय फार वेगाने धावू लागते, मिनिटाला दोनशेच्याही वर. ते तसेच धावत राहिले तर हृदय थकते आणि बाळाच्या अंगात, पोटात पाणी साठते. याच्या उलट, काही बाळांत वरच्या कप्प्याचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही आणि गती मिनिटाला पन्नास-साठवर उतरते. आईच्या रक्तातली विशिष्ट प्रतिद्रव्ये हे याचे एक कारण असते. आई अगदी धडधाकट दिसत असली तरी ती तिच्या रक्तात असू शकतात, म्हणून डॉक्टर तिचे रक्त तपासायला सांगतात. आणखी एक घोटाळा आहे. निरुपद्रवी प्रकारातही एकाआड एक ठोका गळू लागला तर गती इतकी मंद भासते की गंभीर आजाराची शंका येते. अशा वेळी नीट निदान न होता घाईने बाळ बाहेर काढले, तर अपुऱ्या दिवसांचे बाळ हाती येते आणि नसलेले संकट ओढवून घेतल्यासारखे होते.

म्हणून या दोन्ही गोष्टी घरच्यांना एकत्रच सांगितल्या पाहिजेत: बहुधा हे साधे आहे, आणि तरीही एकदा नीट तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे बहुतेक वेळा यातली एकच बाजू सांगितली जाते. कोणी म्हणते, “काही नाही होत, आपण प्रार्थना करू,” आणि तपासणी राहून जाते. कोणी म्हणते, “बाळाच्या हृदयाला छिद्र आहे,” आणि त्या घरात चूल पेटत नाही. ठोका चुकणे आणि हृदयाला छिद्र असणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या सेवकांनी पक्के लक्षात ठेवावे.

ही तपासणी म्हणजे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी. तिला फीटल इको म्हणतात. सुई नाही, भूल नाही. नेहमीच्या सोनोग्राफीसारखीच ती पोटावरून करतात. बालहृदयरोगाचे जाणकार असलेल्या मोठ्या शहरातच ती होते आणि आपल्या भागात खरी अडचण तिथेच येते. मेळघाटात धारणीहून अमरावती गाठायची तर सेमाडोह-परतवाड्याचा घाट धरून दीडशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. पोटुशी बाई एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून तेवढा प्रवास करून येते, हे मंडळीतल्या शहरी बांधवांनी डोळ्यांपुढे आणावे. निघण्यापूर्वी आशाताईंशी बोलावे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून विशेष तपासणी होते. 2016 पासून ही सोय आहे. तिथून पुढच्या रुग्णालयाची संदर्भ चिठ्ठी मिळते. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, तपासण्या, जेवण आणि 102 ची गाडी मोफत आहे. चिठ्ठी, आईचे माता-बाल संरक्षण कार्ड आणि ओळखपत्र बरोबर हवेच, कारण गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवावी लागते. (मुलगा की मुलगी, हे डॉक्टरांना विचारू नका आणि कोणाला विचारू देऊ नका.)

तपासणीत साधे अवेळी ठोके निघाले, तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आठवड्याने किंवा पंधरवड्याने उपकेंद्रात ठोके ऐकून घ्यायचे. गती वाढली तर नाही ना, एवढेच पाहायचे असते. चहा कमी करावा असे पुष्कळ डॉक्टर सांगतात. तंबाखू आणि मिश्री मात्र पूर्ण बंद. सर्दी-खोकल्याची गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

हृदय फार वेगाने धावत असले, तर औषध आईच्या तोंडावाटे देतात. गोळी आई गिळते, औषध तिच्या रक्तातून वारेत आणि वारेतून नाळेवाटे बाळापर्यंत जाते. डिजॉक्सिन, फ्लेकेनाइड, सोटालॉल ही त्यांतली नावे. ही औषधे सुरू करताना आईला रुग्णालयात ठेवतात, कारण त्यांचा परिणाम तिच्याही हृदयावर होतो. घरचे म्हणतात, “हिला तर काहीच झालेले नाही, मग दाखल कशाला?” कारण नीट सांगितले की ते राजी होतात.

आता आईच्या हातात काय आहे ते पाहू. ठोके तिला घरी ऐकता येत नाहीत आणि ते ऐकत बसूही नये. पण बाळाची हालचाल तिला कळते, तीही कोणत्याही यंत्राच्या आधी. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर निजावे, जवळ दहा चिंचोके ठेवावेत आणि बाळ हलले की एक चिंचोका बाजूला सारावा. दोन तासांत दहा चिंचोके सरले पाहिजेत. बहुधा त्याच्या कितीतरी आधी सरतात. सरले नाहीत, किंवा बाळ नेहमीपेक्षा शांत वाटले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. सकाळची वाट पाहू नये. पोट एकाएकी फार मोठे झाल्यासारखे वाटले तरीही जावे. लिहिणे-वाचणे न येणाऱ्या बाईलाही हा हिशोब सहज जमतो. शिवाय दिवसभर काळजी करण्याऐवजी ठरलेल्या वेळी मोजणे झाले की उरलेला दिवस मोकळा राहतो. मला तर यात मोठा उपयोग दिसतो.

मनाचे काय? अशा आईला सर्वांत जास्त छळतो तो एक प्रश्न: माझे काय चुकले? ग्रहणात भाजी चिरली म्हणून, जड मोळी उचलली म्हणून, पपई खाल्ली म्हणून? तिला स्पष्ट सांगा, “बाई, यातल्या कशानेही बाळाचे ठोके चुकत नाहीत. तू काही वाईट केलेले नाहीस.” हे नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर सांगा. कारण दोष देणारे घरातच असतात आणि एकटीला दिलेला धीर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बोलणे शक्य तितके तिच्या भाषेत व्हावे, कोरकू असो, पावरी असो की माडिया. दवाखान्यातली मराठी तिला अर्धी कळते आणि अर्धी कळलेली बातमी फार भीती घालते.

विश्वासणाऱ्यांच्या घरात दोष देण्याची आणखी एक तऱ्हा आहे. तिचा विश्वास कमी पडला, प्रार्थनेत खंड पडला, असे कोणीतरी म्हणून जाते. असे बोलणे थांबवणे हे पाळकांचे काम आहे. तपासणीला जाणे म्हणजे अविश्वास, असे समजणाऱ्यांनाही प्रेमाने पण ठामपणे समजवावे. प्रार्थना करा आणि गाडीची सोयही करा.

लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. अलीशिबेला सहावा महिना होता तेव्हा मरीया डोंगराळ प्रदेशातला तिचा गाव गाठते आणि सुमारे तीन महिने तिच्याकडे राहते. सहावा महिना आणि पुढचे तीन, म्हणजे नेमका हाच शेवटचा काळ. या भागातले आनंदाचे उद्गार आपण वारंवार ऐकतो. त्या तीन महिन्यांचा उल्लेख एकाच वाक्यात येतो आणि म्हणून तो नजरेतून सुटतो. उतारवयात पहिलटकरीण झालेल्या अलीशिबेच्या घरी त्या दिवसांत कोणी पाणी भरले असेल, कोणी दळले असेल? शास्त्र ते सांगत नाही. पण सोबत होती, एवढे सांगते.

बाळंतपणाविषयी घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे. केवळ अवेळी ठोके आहेत म्हणून सिझर करावे लागत नाही. मात्र बाळंतपण घरी नको. कळा सुरू असताना अनियमित ठोक्यांमुळे यंत्रावरची रेघ वाकडीतिकडी येते आणि ती वाचायला अनुभवी माणूस लागतो. फीटल इकोचा कागद जवळ असला की नवीन डॉक्टरांचाही गोंधळ होत नाही. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कार्डाबरोबर ठेवावा. पावसाळ्यात नाले अडतात, तेव्हा ‘माहेरघर’ उपयोगी पडते. आदिवासी भागांत काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ही सोय आहे. तिथे दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन राहू शकते. जन्मानंतर बाळाचा ईसीजी काढून घ्यावा. ठोके तरीही चुकत असले तर 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढील तपासणीची वाट आहे.

आणि सर्वच बाळांचे चांगले होते असे नाही. ज्यांची गती फार मंद असते त्यांतल्या काहींना जन्मानंतर हृदयाला चालना देणारे पेसमेकर यंत्र बसवावे लागते. काही बाळे वाचत नाहीत. म्हणून “सर्व ठीक होईल” असे वचन आपण देऊ नये. ते आपल्या हातात नाही. “काही झाले तरी आम्ही येत राहू” एवढे म्हणावे आणि खरोखरच येत राहावे, विशेषतः पाळणा रिकामा राहिला तर. त्या घरी पहिल्या आठवड्यात सगळे जातात आणि दुसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही.

देणगीदार बंधुभगिनींना एक विनंती. अशा प्रसंगी सरकारी सोयीत न बसणारे खर्च छोटे असतात, पण नेमके तेच आडवे येतात: सोबत जाणाऱ्या नणंदेचे किंवा आईचे गाडीभाडे, तिचे दोन दिवसांचे जेवण, नवऱ्याचा बुडालेला रोज, आणि खासगी ठिकाणी इको करावा लागला तर त्याचे पैसे. मदत देताना याचा विचार व्हावा.

भगिनी मंडळात हा पाठ घेताना पुढील प्रश्नांवर बोलावे. आपल्या पाड्यांत आज सातव्या महिन्यापुढच्या किती जणी आहेत आणि त्यांची नावे आशाताईंकडे आहेत का? रात्री गाडी लागली तर कोणाला फोन करायचा, आणि तो फोन रानात लागतो का? दूरच्या तपासणीला सोबत जाईल, तिची भाषा आणि मराठी दोन्ही जाणेल, अशी आपल्यात कोण आहे? शेवटी दहा चिंचोके प्रत्येकीच्या हातात द्यावेत आणि मोजण्याची रीत एकमेकींना करून दाखवावी. ज्या गरोदर आहेत त्यांनी ते घरी न्यावेत.