पी-लीडवरचा रेझिस्टर कुठे बसवायचा?

शंका : मी टेक्ससमध्ये घरच्या गॅरेजात दोन आसनी विमान बांधतो आहे. इंजिन लायकॉमिंग ओ-320, मॅग्नेटो दोन. इलेक्ट्रॉनिक मॉनिटरला आरपीएम कळावा म्हणून दोन्ही पी-लीडवरून वायरी नेल्या आणि रेझिस्टर मॉनिटरच्या कनेक्टरपाशी बसवले. चालेल का?

समाधान : नाही. ते काढून वायरीच्या दुसऱ्या टोकाला, पी-लीडवरून वायर जिथे फुटते तिथेच बसवा.

ज्यांनी कधी लूना उघडली असेल, त्यांना पॉइंट-कंडेन्सर माहीत असतील. मॅग्नेटोतही तेच असतात. त्याला बॅटरी लागत नाही. फिरतं चुंबक स्वतःच वीज निर्माण करतं. ठिणगी थांबवायची तर प्रायमरी गुंडाळी अर्थ करावी लागते, आणि ते काम पी-लीडचं. घरातल्या दिव्याच्या अगदी उलट कारभार! पी-लीड तुटली तर मॅग्नेटो चालूच राहतो, बॉडीला टेकली तर बंद पडतो. तुमची आरपीएमची वायर याच लीडला जोडलेली आहे. पॅनलमागे पत्र्याच्या कडेवर घासून ती सोलली, की उडत्या विमानाचा एक मॅग्नेटो गेला. तुमचा रेझिस्टर घासलेल्या जागेच्या पलीकडे, म्हणजे तो असून नसल्यासारखा. पी-लीडपाशी बसवला तर पुढची सगळी वायर अर्थ झाली तरी ठिणगी पडत राहते, जातो तो फक्त त्या वायरीवरचा सिग्नल.

किती ओहमचा, हे मॉनिटरच्या पुस्तिकेत पाहा. काही पुस्तिकांत 30 किलोओहम असतो. पाव वॉटचा चिमुकला रेझिस्टर मला पसंत नाही. पॉइंट उघडताना पी-लीडवर काहीशे व्होल्टचे झटके येतात, म्हणून निदान अर्ध्या वॉटचा घ्या आणि वर हीटश्रिंक नळी चढवा. वायर फोडण्यासाठी पी-लीड मध्येच कापू नका. तो जोड कधी सुटला तर स्विच ऑफ असूनही मॅग्नेटो जिवंत राहील आणि प्रोपेलरला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. स्विचच्या टर्मिनलवरूनच वायर घ्या.

काम झालं की इंजिन बंद ठेवून, स्विच ऑफ करून, मॉनिटरचा कनेक्टर काढा. वायरीच्या त्या टोकापासून बॉडीपर्यंत मल्टिमीटरने मोजा. बसवलेल्या रेझिस्टरएवढेच ओहम दिसले पाहिजेत. शून्य दिसलं तर वायर कुठेतरी सोललेली आहे. काहीच दिसलं नाही तर जोड सुटला आहे, आणि तो पी-लीडचाही असू शकतो. शोध लागेपर्यंत प्रोपेलरपासून सगळ्यांना दूर ठेवा.

शंका : मॅग्नेटो तपासताना एका बाजूला आरपीएम एकदम शून्य होतो. इंजिन मात्र छान चालू असतं.

समाधान : तुमच्या मॉनिटरला एकाच मॅग्नेटोची वायर गेली आहे. तोच अर्थ केला की स्पंद थांबतात. दुसऱ्याची वायर स्वतंत्र रेझिस्टर घालून दुसऱ्या इनपुटला द्या. दोन्ही पी-लीड एकत्र मात्र बांधू नका, नाहीतर एक बंद करताना दोन्ही बंद होतील. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक मॅग्नेटोचे फेरीला दोन स्पंद येतात, सहा सिलिंडरला तीन. मॉनिटरमध्ये तो आकडा बरोबर भरला आहे ना, तेही पाहा. हा आकडा चुकला तर तपासणीच खोटी ठरते. लायकॉमिंगच्या मर्यादेनुसार एका मॅग्नेटोवर घसरण 175 आरपीएमपेक्षा जास्त नको, आणि दोन्ही घसरणींतला फरक 50 च्या आत हवा.