माळ्यावरचे कागदी ब्लाउज

शिवण येणाऱ्या बाईच्या घरात एक गठ्ठा असतोच. माळ्यावर, पलंगाच्या पेटीत नाहीतर मशीनच्या खालच्या खणात, जुन्या साडीत घट्ट बांधलेला. आत ब्राऊन पेपरच्या पाठी, पुढचे भाग, बाह्या, कॉलरी. कुठे वर्तमानपत्रावर घाईघाईने कापलेलं झबलं, कुठे कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर काढलेला फ्रॉक. दिवाळीच्या आवराआवरीत तो खाली उतरतो. एकजण म्हणतो टाकून द्या, दुसरी म्हणते राहू दे, लागेल कधीतरी. आणि तो न उघडताच परत वर जातो.

सांगलीच्या एका गृहिणीकडे असा गठ्ठा आईकडून आला. आईने वर्षानुवर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवलेले, त्यामुळे कागदांना तोटा नव्हता. लेकीनेही शिवणाचा क्लास केलेला. घरातल्या लग्नासाठी साडीतला रेशमी ब्लाउजपीस तिने आईच्या कटोरी ब्लाउजच्या कागदावर बेतला. कागदावर कोपऱ्यात फक्त '36' लिहिलेलं होतं, तेवढं तिला पुरेसं वाटलं. बाजू जोडायला घेतल्या तेव्हा उलगडा झाला: पाठीच्या कागदात शिलाईची माया धरलेली होती, पुढच्या भागात नव्हती. दोन भाग दोन वेगळ्या जोडांतले होते, आणि आईने ते कधीतरी एकत्र गुंडाळून ठेवले होते. पीस जेमतेम 80 सेंटीमीटरचा, त्याच रंगाचं रेशीम बाजारात मिळणं अशक्य. शेवटी दोन्ही बाजूंना, काखेखालून कमरेपर्यंत, दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या लावून ब्लाउज अंगात घालण्याजोगा केला. पदराने वेळ निभावून नेली.

आईचं यात काही चुकलं असं म्हणता येणार नाही. तिला लिहून ठेवायची गरजच नव्हती. कागद हातात घेतला की कुठे किती सोडायचं हे तिला ठाऊक असे. अडचण होते ती कागद दुसऱ्याच्या हातात गेल्यावर. ज्या कागदावर माप, माया धरली आहे की नाही, कापडाची उभी दिशा आणि एकूण किती भाग हे लिहिलेलं नाही, तो नव्या माणसासाठी निव्वळ कागद नसतो. तो नवं कापड वाया घालवू शकतो. म्हणून गठ्ठा उघडल्यावर पहिली चाळणी हीच लावावी. भाग पुरे आहेत का, ते एकाच जोडातले आहेत का. पाठीची बाजूची शिवण पुढच्या भागाच्या शिवणीवर ठेवून टेपने मोजावी, मुंढ्याची गोलाई बाहीच्या गोलाईशी ताडून पाहावी. बाहीची गोलाई थोडी जास्त भरणार, ते ठीक. पण मुंढ्यापेक्षा ती कमी भरली, तर दोघांची गाठ चुकून पडली आहे.

आपल्याकडे बहुतेक घरगुती कागद राखून ठेवण्याची खरी गरज का नसते, हे आपल्या शिंप्यांच्या पद्धतीवरून कळतं. आपला शिंपी मापाची वही ठेवतो आणि खडूने थेट कापडावर आखतो. छातीचा चौथा भाग घ्यायचा, त्यात ढिलाई आणि माया मिळवायची, मुंढा आणि गळा छातीच्या मापावरून काढायचा. के. आर. झारापकर यांचं कटिंगचं पुस्तक शिवणाच्या क्लासांत घरोघरचं झालं ते याच सूत्रांमुळे. ज्याला सूत्र येतं त्याला साध्या ब्लाउजचा, सहा कळ्यांच्या परकराचा किंवा सरळ पायजम्याचा कागद पुन्हा काढायला अर्धा तासही लागत नाही. असे कागद जपून ठेवणं म्हणजे जागा अडवणं. सांगलीच्या त्या बाईंनी लग्नानंतर गठ्ठा सोडवला तेव्हा सर्वांत मोठा ढीग याच कागदांचा निघाला, आणि तो त्यांनी बिनदिक्कत बाजूला काढला.

मग ठेवायचं काय? सूत्राने जे येत नाही ते.

एखाद्या बाईचा एक खांदा उतरता असतो, एखादीची पाठ पुढे झुकलेली. ब्लाउज दोनदा उसवून, तिसऱ्यांदा नीट बसला की शिवणारी ती दुरुस्ती कागदावर उतरवते: मुंढ्यापाशी चिकटवलेली पट्टी, टक्सची जागा खोडून अर्धा इंच खाली निळ्या पेनाने काढलेली, पाठीच्या गळ्याला दिलेला चिमटा. या खाणाखुणा कुठल्याही पुस्तकात सापडत नाहीत. ज्या बाईचा तो कागद आहे ती हयात असेल आणि अजून ब्लाउज शिवून घेत असेल, तर तो कागद सोन्याचा. तिचं अंग बदललं असेल तर मात्र मोह आवरायला हवा. 32 छातीचा कागद बाजूंना वाढवून 40चा होत नाही. छाती आठ इंच वाढली म्हणून खांदा त्या प्रमाणात रुंदावत नाही, गळाही नाही; बाजूंना कापड सोडलं तर ब्लाउज खांद्यावरून घसरतो आणि काखेत बोचतो. एखाद्या मापाचा फरक निभावतो, त्यापुढे नव्याने आखलेलं बरं. आणि टू बाय टू रुबियासाठी बसवलेला कागद ताणल्या जाणाऱ्या लायक्रावर चालत नाही, हेही क्लासमध्ये बहुधा सांगायचं राहून जातं.

लहान मुलांचे कागद मात्र वेगळ्या न्यायाने पाहावेत. लग्नातल्या ब्लाउजची फॅशन बदलते, तीन महिन्यांच्या बाळाच्या झबल्याची फारशी नाही. झबलं, टोपरं, कुंची हे कागद मुलांकडून नातवंडांकडे तसेच जातात. कुंचीचा तर ठेवावाच, कारण ती शिवणारे हात कमी झाले आहेत. हीच गोष्ट गाठीच्या चोळीची. खणाच्या अरुंद पन्ह्यात, फुकट न घालवता, पट्ट्या आणि त्रिकोणी तुकडे जोडून ती बेतलेली असते. गुळेदगुड्डचा खण आज पर्स आणि ड्रेसपर्यंत पोचला, पण त्याची चोळी जुन्या रीतीने बेतणारी बाई गावात शोधावी लागते. बाराबंदी किंवा अंगरख्याचा कागद कोणाकडे निघाला तर तोही याच ढिगात. ऐतिहासिक नाटकाच्या कपडेपटाला असे कागद लागतात.

जुन्या कागदांवरचे हिशेब वाचताना एक सांभाळावं. '2 वार' असं लिहिलेलं असेल तर ते 2 मीटर नव्हे. वार 36 इंचांचा, म्हणजे मीटरपेक्षा साडेआठ सेंटीमीटरने कमी. शिवाय तो हिशेब त्या वेळच्या पन्ह्याचा असतो. आज रुंद पन्ह्याच्या कापडावर तेच भाग शेजारी-शेजारी बसतात आणि बरंच कमी कापड लागतं.

परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेली छापील पाकिटं ही मात्र वेगळीच जात. तिकडे सूत्रापेक्षा तयार कागद विकत घेण्याची रीत रुजली. अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने 1863मध्ये वेगवेगळ्या मापांत तयार केलेले पातळ कागदाचे नमुने विकायला काढले आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. जर्मनीत एने बुर्डा यांच्या मासिकात एकाच मोठ्या कागदावर, एकमेकींवरून जाणाऱ्या रेषांत, अनेक कपडे छापून येऊ लागले. अशी पाकिटं वापरायची असतील तर मापाच्या आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. अमेरिकी कंपन्यांनी 1968च्या सुमारास मापं बदलली. 34 इंच छातीला आधी 14 नंबर होता, तो 12 झाला. तेव्हा नंबर सोडून पाकिटावर छापलेली छाती-कंबर वाचावी. मायेचा घोळ इथेही आहेच: अमेरिकी पाकिटांत साधारण 5/8 इंच माया धरलेली असते, बुर्डाच्या मासिकातल्या नमुन्यांत ती स्वतः सोडावी लागते.

न कापलेलं, सूचनापत्रासह पुरं असलेलं जुनं पाकीट टाकू नये. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात अशा नमुन्यांचा स्वतंत्र संग्रह आहे. जॉय एमरी यांनी तो क्युरेटर म्हणून सांभाळला, आणि त्यांनीच कागदी नमुन्यांच्या उद्योगाचा इतिहासही लिहिला. घरच्या बाईने कापून, दुमडून, भाग हरवून ठेवलेल्या पाकिटाला तो मान मिळत नाही. भावनेपोटी ठेवायचं असेल तर ठेवावं. शिवायला म्हणून नाही.

आता जपण्याचं. घडी घातलेला कागद घडीवरच फाटतो, म्हणून गुंडाळी करावी किंवा शिंप्यांसारखं एका कोपऱ्याला भोक पाडून खिळ्याला टांगावं. सेलोटेप वापरू नये; काही वर्षांत तिचा गोंद वाळतो, टेप गळून पडते आणि पिवळा डाग तेवढा राहतो. रोज लागणारा कागद पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावा. पातळ छापील कागद कोरड्या, कोमट इस्त्रीने फ्यूजिंगवर चिकटवला की टिकतो, वाफ मात्र सोडू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात भिंतीला लागलेल्या कपाटात गठ्ठा ठेवणं म्हणजे कसर आणि वाळवीला आमंत्रण. मोबाइलवर फोटो काढून मोकळं होणाऱ्यांनी टेप शेजारी ठेवून काढावा. तरीही फोटो आठवणीपुरता. कॅमेरा थोडा तिरपा झाला तरी मापं बिघडतात, त्यावरून बेतता येत नाही.

टाकायचे ठरलेले कागद सरळ रद्दीवाल्याला देऊ नयेत. ज्या घरात बाहेरची शिवण चालत असे तिथे कागदांवर गिऱ्हाइकांची नावं, छाती, कंबर, कधी घरचा पत्ताही लिहिलेला असतो. सांगलीच्या त्या गठ्ठ्यात अशी नावं बरीच निघाली, आणि त्यातल्या काही बायका अजून त्याच गल्लीत राहतात. नावाचा कोपरा फाडून वेगळा करावा, मगच उरलेलं रद्दीत. चांगला रुंद ब्राऊन पेपर असेल तर तोही रद्दीत कशाला? जवळच्या शिवणक्लासला नेऊन द्यावा. मागची बाजू कोरी असते, आणि नव्या मुलींना पहिले चारपाच ब्लाउज कागदावरच बिघडवायचे असतात.