वाळवंटाच्या कडेचा जलतरण-तलाव

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात, न्यूमन ह्या खाणींच्या गावापासून पूर्वेस दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, जिगालाँग नावाची एक लहानशी वस्ती आहे. सशांचा उपद्रव रोखण्यासाठी त्या प्रांतात जे लांबच लांब कुंपण घालण्यात आले, त्याच्या देखभालीचे एक ठाणे म्हणून 1907 साली तिचा आरंभ झाला. पुढे वाळवंटात फिरणारे मार्टू लोक हळूहळू तेथे येऊन स्थिरावले. उन्हाळ्यात तेथील पारा वारंवार 40 अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि पाऊस बेभरवशाचा असतो. अशा ठिकाणी पोहण्याचा तलाव बांधावा, हे ऐकणाऱ्यास प्रथमदर्शनी चैनीचेच वाटेल. परंतु सप्टेंबर 2000 मध्ये जिगालाँग आणि मुगारिन्या ह्या दोन वस्त्यांत तलाव खुले झाले, ते केवळ करमणुकीसाठी नव्हेत. त्यांच्यामुळे मुलांच्या त्वचेचे व कानांचे रोग कमी होतात की काय, हे पाहावयाचे होते.

हे रोग कोणते, ते आधी समजून घेतले पाहिजे. दाटीच्या घरांत, जेथे अंघोळीची व कपडे धुण्याची सोय पुरेशी नसते, तेथे खरजेचा सूक्ष्म किडा एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. खाजवून त्वचा फुटली की त्या फटीतून स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जीवाणू आत शिरतात, आणि पुवाने भरलेल्या पुळ्या व चिघळलेले व्रण उत्पन्न होतात. मुले खेळतात, व्रणावर माशा बसतात, आणि आईबापांनाही ही गोष्ट नित्याचीच वाटू लागते. परंतु हा रोग कातडीपुरता राहत नाही. ह्याच जीवाणूंच्या काही जातींमुळे, व्रण बरा होत आल्यावर, मूत्रपिंडांस सूज येते. बालपणी वारंवार झालेली अशी सूज प्रौढ वयातील मूत्रपिंडाच्या जुनाट रोगाचे एक कारण असावे, असे मानण्यात येते. ह्या जीवाणूंचा संधिज्वराशी व त्यातून होणाऱ्या हृदयविकाराशीही निकटचा संबंध आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यावरील पुळी आणि त्याला चाळिसाव्या वर्षी होणारा आजार ह्यांमधील अंतर वाटते तितके मोठे नाही.

कानांची गोष्ट अधिक मुकाट्याने घडते. नाक व घसा ह्यांतील जीवाणू एका अरुंद नळीवाटे मध्यकर्णात पोचतात. तेथे पू साचतो, त्याचा दाब वाढतो आणि कर्णपटलास छिद्र पडते. ह्या वस्त्यांतील बालकांत हे जीवाणू जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत ठाण मांडतात, आणि कान वाहण्यास आरंभ झाला की तो महिनोन् महिने थांबत नाही. ज्या वयात मूल ऐकून बोलावयास शिकते, त्याच वयात त्याला अर्धवट ऐकू येऊ लागते. पुढे शाळेत ते मागे राहते, आणि त्याचे लक्ष नाही असा शेरा शिक्षक मारतात. कान जुनाट वाहण्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की तो सार्वजनिक आरोग्याचा तातडीचा प्रश्न समजावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. ह्या दोन्ही वस्त्यांत तलावापूर्वीच्या तपासणीत 32 टक्के मुलांच्या कर्णपटलांस छिद्रे आढळली. ही दोन मापे तंतोतंत एक नव्हेत. तरीही प्रश्न किती बिकट होता ह्याची कल्पना त्यांवरून येते.

डेबोरा लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या तपासण्या केल्या. 17 वर्षांखालील 84 मुलगे व 78 मुली ह्यांत समाविष्ट होत्या. तलाव खुले होण्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी, असे दीड वर्ष, त्यांची त्वचा व कान पाहण्यात आले. त्याचा वृत्तान्त 2003 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. एका वस्तीत त्वचेच्या पूयुक्त रोगाचे प्रमाण 62 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आले आणि दुसरीत 70 वरून 20 वर. कर्णपटलाच्या छिद्रांचे प्रमाण 32 टक्क्यांवरून एकीकडे 13 व दुसरीकडे 18 इतके उतरले. पुढे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जिगालाँगच्या दवाखान्यातील नोंदी तपासण्यात आल्या. तलावानंतर तेथे त्वचारोगासाठी येणाऱ्यांचे प्रमाण 68 टक्क्यांनी घटले होते, आणि प्रतिजैविक औषधे देण्याचे प्रमाण 45 टक्क्यांनी.

पाण्यात डुंबल्याने हे कसे घडावे? त्वचेच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. मूल तासन् तास स्वच्छ, क्लोरीनयुक्त पाण्यात राहते म्हणजे त्याला रोज एक दीर्घ अंघोळ घडते, आणि तीही आईने पाठीस न लागता. कानांविषयी मात्र शंका होती. कर्णपटलास छिद्र असलेल्या मुलाने पाण्यात उतरू नये, असाच वैद्यकाचा रूढ सल्ला. तलावाने कान बिघडतील, ही भीती काही अनाठायी नव्हती. प्रत्यक्षात ते बिघडले नाहीत. पोहताना व सूर मारताना नाकातील शेंबूड धुऊन निघतो, मध्यकर्णाकडे जाणारा जीवाणूंचा भार त्यामुळे हलका होतो, असा एक तर्क मांडण्यात आला.

येथे जरा थांबावयास हवे. वरील अभ्यासात तलाव नसलेली वस्ती तुलनेसाठी घेतलेली नव्हती. त्यामुळे सुधारणेचे सारे श्रेय तलावासच देता येत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अनेक दुर्गम वस्त्यांत केलेल्या व 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तलाव असलेल्या व नसलेल्या ठिकाणच्या मुलांच्या कानांत व श्रवणशक्तीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. 2013 साली एक अधिक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात कान वाहणाऱ्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने दोन गट केले होते, आणि एका गटास चार आठवडे पोहावयास नेले होते. त्यांचे कान दुसऱ्या गटाहून अधिक कोरडे झाले नाहीत, तसेच ते अधिक चिघळलेही नाहीत. तेव्हा निष्कर्ष असा की, त्वचेच्या बाबतीत तलावाच्या बाजूचा पुरावा बराच भक्कम आहे, कानांच्या बाबतीत तो डळमळीत आहे. वाहणारा कान पोहण्याने बरा होतो असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये, औषधोपचार हवाच.

शिवाय तलाव म्हणजे नुसते पाणी भरलेले टाके नव्हे. निष्काळजीपणाने राखलेला तलाव स्वतःच रोग पसरवितो. समजा, तलाव 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद व सरासरी 1.2 मीटर खोल आहे. त्यात 300 घनमीटर, म्हणजे 3 लक्ष लिटर पाणी मावेल. दर लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन राखावयाचा तर एका वेळी अवघे 600 ग्रॅम पुरतात. हे प्रमाण टिकवून धरणे मात्र कठीण असते. पाण्यात क्लोरीनपासून हायपोक्लोरस अम्ल बनते, आणि जंतुनाशाचे मुख्य काम तेच करते. पाण्याचा पीएच अंक 7.5 च्या सुमारास असेल, तर जवळजवळ निम्मा क्लोरीन ह्या प्रभावी रूपात असतो. तो 8 वर गेला की सुमारे पाव भागच उरतो, म्हणजे क्लोरीन तितकाच असूनही पाणी दुबळे होते. वाळवंटातील प्रखर ऊन तर काही तासांतच बहुतेक क्लोरीन नष्ट करते, म्हणून उघड्या तलावात सायन्युरिक अम्ल मिसळून त्याला ऊनापासून जपतात. परंतु ह्या अम्लाचे प्रमाण फार वाढले तर क्लोरीनची मारकशक्तीच मंदावते. तलावाजवळ जो उग्र वास येतो त्यास लोक स्वच्छतेची खूण समजतात, वास्तविक तो क्लोरीनचा घाम व मूत्र ह्यांच्याशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामिनांचा असतो. चांगल्या तलावास वास जवळजवळ नसतोच.

त्याच तलावाचा पृष्ठभाग 250 चौरस मीटर भरेल. कडक उन्हात दिवसाकाठी एक सेंटिमीटर पाणी उडून गेले तरी अडीच हजार लिटरांची भर रोज घालावी लागेल. गाळण्या, पंप, वीज, रसायने, बिघाड झाल्यास शेकडो किलोमीटरांवरून येणारा कारागीर, हा खर्च बांधकामाच्या खर्चाप्रमाणे एकदाच करून संपत नाही. म्हणूनच लहान वस्तीतील तलावाचे भवितव्य काँक्रीटपेक्षा माणसावर अधिक अवलंबून असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ह्या तलावांचे व्यवस्थापन रॉयल लाइफ सेव्हिंग सोसायटी ही जीवरक्षकांची संस्था पाहत आली आहे. प्रशिक्षित व्यवस्थापक पाण्याची परीक्षा घेतो, काठावर पहारा ठेवतो, आणि मुलांना पोहावयास व बुडणाऱ्यास वाचविण्यास शिकवितो. तेथे एक नियमही प्रचारात आला: शाळा नाही, तर तलाव नाही. ज्याने दिवसाची शाळा चुकविली त्यास त्या दुपारी पाण्यात प्रवेश नाही. 2003 च्या अभ्यासातील एका वस्तीत शाळेतील उपस्थिती वाढल्याची नोंद आहे. ह्या नियमाविरुद्धही एक आक्षेप घेता येतो. ज्या मुलाला पाण्याची सर्वांत अधिक गरज, तेच बहुधा शाळेत अनियमित असते, आणि नियमाने नेमके तेच बाहेर राहते.

दाराबाहेर कोण राहतो, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात नवा नाही. न्यू साउथ वेल्स राज्यात मोरी नावाचे लहान शहर आहे. शेतीला पाणी मिळावे म्हणून तेथे 1895 साली खोल विंधण घेण्यात आले. पाणी लागले ते सुमारे 41 अंशांचे व क्षारयुक्त. पिकांना ते निरुपयोगी ठरले, पण त्याची स्नानगृहे झाली व पुढे तलाव झाला. 1955 साली तेथील नगरपालिकेने ठराव करून मूळ रहिवाशांना तलावाची बंदी केली. शाळेच्या वेळात शाळेबरोबर आलेल्या मुलांना पाण्यात उतरता येई. शाळा सुटली की त्याच मुलांना त्याच पाण्यात जागा नसे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील लोक अस्वच्छ असतात, ही सबब अशा बंदीसाठी हाताशी असेच. ज्यांच्या घरी नळ नव्हता त्यांनाच ह्या कारणासाठी पाण्यापासून दूर ठेवण्यात येत होते.

फेब्रुवारी 1965 मध्ये सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी एका बसमधून अशा गावांच्या दौऱ्यावर निघाले. त्यांचा पुढारी चार्ल्स पर्किन्स हा स्वतः मूळ रहिवाशांपैकी होता. शनिवार, 20 फेब्रुवारी रोजी ते वस्तीतील मुलांना घेऊन मोरीच्या तलावाच्या दाराशी उभे राहिले. आत सोडण्यास नकार मिळाला. भोवती जमाव जमला आणि अंडी व टोमॅटो ह्यांचा मारा झाला. विद्यार्थी हटले नाहीत. अखेर 1955 चा ठराव मागे घेण्याची हालचाल करण्याचे नगराध्यक्षांनी मान्य केले. मोरीचा हा तलाव 2013 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत समाविष्ट करण्यात आला.